दुकान खाली ठेवण्याविषयी

अन्न ज्याच्याकडे चालत येते तो नागरिक, आणि जो अन्नाकडे चालत जातो तो केवळ रहिवासी. हा भेद कोणत्याही स्मृतिग्रंथात नमूद नाही. परंतु स्मृतिकारांच्या काळी दिल्लीचा विस्तार यमुनेच्या पूर्वतीरी झालेला नव्हता, हे ध्यानी घेऊन त्यांना क्षमा करावी. आधुनिक नगररचनेने ही उणीव भरून काढली आहे. आता कोण नागरिक आणि कोण रहिवासी हे ठरवण्यासाठी कुलगोत्र विचारावे लागत नाही. मध्ये एक भिंत असली की पुरते.

मयूर विहारातील निरंजन सहकारी गृहनिर्माण संस्थेला अशी भिंत आहे. केंद्र सरकारच्या निरनिराळ्या कार्यालयांत आयुष्य वेचलेल्या मराठी कुटुंबांनी ही संस्था स्थापन केली. कालांतराने इतर प्रांतांची माणसेही तिथे राहावयास आली, आणि भिंतीच्या बाबतीत सर्व प्रांतांचे एकमत असल्याचे आढळून आल्याने राष्ट्रीय एकात्मतेचे एक मोठे कार्य अनायासे सिद्धीस गेले. भिंतीपलीकडे एक नाला, आणि नाल्याच्या कडेने एक वस्ती आहे. वस्तीतील स्त्रिया सकाळी भिंतीच्या अलीकडे येऊन स्वयंपाक करतात आणि सायंकाळी पलीकडे जाऊन स्वयंपाक करतात. (दोन्हीकडचे अन्न एकाच हातचे असते, तथापि त्याविषयी अद्याप कोणाचीही लेखी तक्रार आलेली नाही.)

संस्थेच्या तळमजल्यावर, थेट भिंतीला चिकटून, लाला विश्वनाथ गुप्ता यांचे किराणा दुकान होते. त्या दुकानाला दोन खिडक्या होत्या. पुढची संस्थेच्या अंगणात उघडे, मागची वस्तीच्या गल्लीत. मध्ये लालाजी बसत आणि त्यांच्यापुढे एकच तराजू. तांदळाला आपण कोणत्या खिडकीतून बाहेर पडणार, हे अखेरच्या क्षणापर्यंत ठाऊक नसे. पुढच्या खिडकीतून महिन्याचे सामान जाई. मागच्या खिडकीतून त्या दिवसाचे. बाटलीच्या बुडाशी दोन बोटे तेल, कागदाच्या पुडीत मावेल तेवढी साखर, एका वेळच्या डाळीपुरती हळद. अर्थशास्त्र या प्रकाराला खरेदी मानत नाही. लालाजींनी अर्थशास्त्र वाचलेले नसल्याने ते विकत असत.

या दुकानाशी दोन स्त्रियांचा योगक्षेम बांधलेला होता. एक नीलाताई आगाशे. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे असहकारी, तळमजल्यावर एकट्या. घर मुलाच्या, परीक्षितच्या, नावावर. तो गुरुग्राम येथील एका काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर काम करतो आणि आईवर त्याचे निरतिशय प्रेम आहे. (दिल्ली आणि गुरुग्राम यांमधील अंतर पाहता निरतिशय प्रेमाखेरीज दुसरे काही तेथून पोहोचणे कठीणच.) दुसरी फूलमती. ती भिंतीपलीकडे राहते, नीलाताईंचा दोन्ही वेळचा स्वयंपाक करते आणि जाताना मागच्या खिडकीतून तेल नेते. खिडकी होती म्हणून फूलमती त्या गल्लीत राहत होती, आणि फूलमती त्या गल्लीत राहत होती म्हणून नीलाताई जेवत होत्या. इतका साधा कार्यकारणभाव न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठातही सापडणार नाही.

संस्थेचे तरुण कोषाध्यक्ष साकेत यांनी वार्षिक सभेत असा प्रस्ताव मांडला की, तळमजल्यावरची जागा व्यायामशाळेस द्यावी आणि दुकान वर, पहिल्या मजल्यावरच्या कार्यालयाशेजारी न्यावे. वर नेल्यास मागची खिडकी आपोआप नाहीशी होईल, हा लाभ त्यांनी विनयाने शेवटी सांगितला.

"अरे साकेत, मी वाणसामान आणायला जिना चढू?" नीलाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"वाण... कुठलं सामान, काकू?"

"वाणसामान! मीठ, मिरची, डाळ, तांदूळ. जे तू खातोस ते."

"अच्छा, ग्रोसरी. पण सिक्युरिटीचा इश्यू आहे ना, यार." (साकेत सर्व वयोगटांस यार म्हणतात, ही त्यांची समदृष्टी होय.) "मागून कोणीपण येतं."

"कोणीपण नाही. तुझ्या घरी पोळ्या करणारी येते. दुकान वर गेलं तर तिच्या वस्तीला आत सोडणार कोण? ते काही नाही, दुकान खालीच राहू दे."

सभागृहाबाहेर बटाटेवडे तळले जात असल्याने चर्चा फार लांबली नाही. दुकान खालीच राहावे, असे सर्वानुमते ठरले. नीलाताईंच्या शेजारी बसलेल्या बाईंनी त्यांचा हात दाबला. लोकशाहीचा विजय इतक्या थोड्या वेळात आणि वडे थंड होण्यापूर्वी झाल्याचे उदाहरण विरळा.

आता ठराव सूचनाफलकावर लावायचा होता. आणि फलकाची भाषा हिंदी. ते कार्य अध्यक्ष भालचंद्रपंत देवस्थळी यांच्याकडे आपसूकच आले. भालचंद्रपंतांनी एका मंत्रालयाच्या भाषा विभागात इंग्रजी मजकुराचे हिंदीत रूपांतर करण्यात उभी हयात घालवली होती. त्यांचे हिंदी इतके शुद्ध होते की हिंदीभाषक ते वाचताना पादत्राणे काढीत. वास्तविक येथे 'नीचे' हा तीन अक्षरांच्या आतला शब्द पुरेसा होता. परंतु किराणा म्हणजे अन्न, अन्न म्हणजे ब्रह्म, आणि ब्रह्माच्या शेजारी ज्याच्या पोटात 'नीच' दडला आहे असा शब्द बसवणे त्यांच्या संस्कारांत बसेना. त्यांनी लेखणी क्षणभर थांबवली, आणि आपल्या मातृभाषेतील निर्मळ शब्द उचलून लिहिले:

"सर्वसम्मति से निर्णय हुआ है कि किराने की दुकान खाली ही रखी जाए। सभी संबंधित अनुपालन सुनिश्चित करें।"

मराठी वाचकाला या वाक्यात काहीही वावगे दिसणार नाही. हिंदी वाचकालाही दिसले नाही. त्याला केवळ असे समजले की, दुकान रिकामे ठेवायचे आहे.

संस्थेचे व्यवस्थापक विक्रांत चौधरी हे अनुपालन सुनिश्चित करणाऱ्यांपैकी होते. त्यांनी लालाजींना फलकासमोर उभे केले. लालाजींनी ठराव दोनदा वाचला.

"पंडितजी ने लिखा है?"

"जी. दस्तख़त भी हैं."

"तो सोच-समझ के ही लिखा होगा," लालाजी म्हणाले आणि तराजू उचलायला आत गेले. विद्वत्तेविषयीचा हा आदर आजकाल क्वचित दृष्टीस पडतो. सायंकाळपर्यंत दुकान खाली झाले होते. हिंदीतही आणि मराठीतही.

दुसऱ्या दिवशी नीलाताई काठी टेकत आल्या आणि कुलूप पाहून तशाच भालचंद्रपंतांच्या दारी गेल्या.

"भालचंद्र, दुकान कुठाय?"

"खाली."

"अरे, खालीच तर नाहीये!"

"नीलावहिनी, असं कसं? ठरावात स्पष्ट आहे, दुकान खाली ठेवावं."

"ठेवलंय की! चांगलं झाडून पुसून खाली ठेवलंय. तो विक्रांत म्हणतो, एकदम खाली है जी."

भालचंद्रपंतांच्या चेहऱ्यावर जो बदल झाला त्याचे वर्णन आम्ही करणार नाही. ज्या भाषेने त्यांना निवृत्तिवेतन दिले तिच्याकडून हा प्रहार त्यांना अपेक्षित नव्हता. मात्र ते नियमाचे पुरुष होते. शब्द चुकीचा असला तरी ठराव रीतसर होता. तो रीतसरच दुरुस्त व्हायला हवा. त्यासाठी विशेष सभा, विशेष सभेसाठी सूचना, आणि सूचनेसाठी कार्यकारिणीची सभा. तोवर ठरावाचे पालन अनिवार्य. विक्रांत चौधरींनी रिकाम्या दुकानाच्या रिकामेपणावर लक्ष ठेवण्यासाठी एक रखवालदार नेमला. त्याने आत बसू नये, असा आदेश होता. कारण तो आत बसला असता दुकान खाली राहिले नसते. झाडूही बाहेरच ठेवण्यात आला. या रखवालदाराच्या वेतनात एक लहानसे दुकान सुखाने चालले असते, असा हिशेब कोणी केला नाही, कारण दुकान चालवणे हा ठरावाचा विषयच नव्हता.

पोकळीत वारा शिरतो, तशी या पोकळीत 'निमिष' ही सेवा शिरली. दूरध्वनीवर बोट ठेवले की दहा मिनिटांत सामान दारात. तिच्या गोदामास खिडकी नाही, दार ग्राहकासाठी नाही, आणि तेथे मनुष्याने मनुष्याला 'आज भेंडी कशी आहे' असे विचारण्याची सोय नाही. यामुळे किती खोटे बोलणे टळते याचा अंदाज करावा. संस्थेतील शंभरांपैकी नव्वद घरांनी पहिल्याच आठवड्यात ही सेवा स्वीकारली. उरलेल्या दहांपैकी नऊ घरे कुलूपबंद होती. दहावे नीलाताईंचे, त्यांच्या फोनमध्ये परीक्षितने एका रविवारी येऊन ती सेवा बसवून दिली आणि पुढच्या मेट्रोने तो परतला.

निमिषचा नकाशा मोठा सूक्ष्म आहे. त्यात संस्थेची भिंत रेघेबरहुकूम उमटली आहे. फूलमतीकडेही फोन होता. नीलाताईंच्या अंगणात तो फोन म्हणे, 'आम्ही आपल्या सेवेत हजर आहोत'. फाटकाबाहेर पाऊल पडताच म्हणे, 'या क्षेत्रात सेवा उपलब्ध नाही'. पूर्वी माणसाची जात त्याच्याबरोबर चाले. आता ती पायाखालच्या जमिनीत बसवली असल्याने माणसाला स्वतः काही बाळगावे लागत नाही, ही केवढी सुधारणा!

वस्तीपासून सर्वांत जवळचे दुकान आता महामार्गापलीकडे होते. महामार्ग ओलांडण्यासाठी पूल प्रस्तावित आहे. (प्रस्ताव भक्कम असून त्यावरून अद्याप कोणीही खाली पडलेले नाही.) तेव्हा नीलाताईंनी तोड काढली. फूलमतीने त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच पत्त्यावर, आपले सामान मागवावे आणि घरी न्यावे. निमिष दोन बोटे तेल विकत नसे, पुरी पिशवी विकत असे. तरी फूलमतीने दोन शेजारणींना भागीदार करून घेतले. तेल दहा मिनिटांत आले. ते घेऊन ती फाटकापाशी गेली आणि फाटकावरच्या रखवालदाराने पिशवीला हात घातला.

"ये तेल किसका है?"

"मेरा."

"तेरा है तो अंदर क्या कर रहा था?"

"गाड़ी से आया. अभी तो आया, तूने ही गेट खोला."

"अंदर आया तो अंदर का हुआ. अंदर का सामान बाहर ले जाने का पास दिखा."

हा नियम नवा नव्हता. कामकरी स्त्रियांनी बाहेर नेलेली प्रत्येक वस्तू मालकाच्या परवान्यानेच जावी, अशी तरतूद संस्थेने पूर्वीच केली होती. परवाना घरमालकाने द्यायचा. आणि घर तर परीक्षितच्या नावावर. तो बैठकीत असे. बैठक संपल्यावर दुसरी बैठक असे. अशा रीतीने जे तेल गोदामापासून घरापर्यंत दहा मिनिटांत येई, ते घरापासून भिंतीपलीकडे जायला कधी संध्याकाळ घेई, कधी दुसरी सकाळ. परतीच्या मार्गात वेग कमी होतो, हा निसर्गनियमच आहे. गंगेलाही चढ चढता येत नाही.

"अम्माजी," फूलमती एक दिवस पोळी लाटता लाटता म्हणाली, "पहली तारीख तक देखती हूँ. फिर खोड़ा चली जाऊँगी, बहन के पास. उधर गली में ही दुकान है."

"आणि मी?" नीलाताईंनी मराठीतच विचारले. फूलमतीला तेवढे मराठी समजत होते. तिने पोळी उलटली.

विशेष सभा पहिल्या तारखेच्या अलीकडे बसावी म्हणून भालचंद्रपंतांनी जिवाचे रान केले. ते स्वतः प्रत्येक दारी गेले. ज्या गृहस्थाने आयुष्यात कधी मसुदा परत घेतला नाही, तो एका शब्दाची चूक पदरात घेऊन जिने चढत होता. सभा भरली. त्यांनी उभे राहून सांगितले की, दोष लेखणीचा आहे; 'खाली'च्या जागी 'नीचे' असे वाचावे; आणि लालाजींना परत बोलवावे. लालाजी गाझियाबादेत भाच्याच्या दुकानात बसून आहेत आणि निरोप गेल्यास त्याच दिवशी यायला सिद्ध आहेत.

सभा हेलावली. हेमांगी सरपोतदार यांनी फूलमतीच्या हातच्या पुरणपोळीविषयी भाषण केले. "ती मेड नाहीये, शी इज फॅमिली, बिल्कुल घरची," असे त्या म्हणाल्या. (घरचे सामान मात्र परवान्यावाचून बाहेर जात नाही, हे वर आलेच आहे.) दुसऱ्या एका सदस्याने मागच्या खिडकीला संस्थेचा आत्मा म्हटले. साकेत यांनीही आपला मूळ हेतू कोणाची गैरसोय करण्याचा नव्हता, असे खुल्या मनाने सांगितले. विरोधात एकही सदस्य बोलला नाही. नीलाताईंना मत नव्हते, कारण घर त्यांचे नव्हते. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

मग मतदान झाले. ते गुप्त असावे, अशी सूचना कोणीतरी केली, म्हणून फोनवर झाले.

'नीचे' या पाठाला सात मते पडली. 'खाली' या पाठाला एक्क्याऐंशी.

कोणी कोणाकडे पाहिले नाही. कारणे पुढे हळूहळू कळत गेली: खिडकी बंद झाल्यापासून मागची गल्ली शांत होती, दलाल म्हणत होते की अशा संस्थांना बाजारात उठाव आहे, आणि आता सामान तर दारातच येत होते. ज्याला आपण अनवधान समजत होतो ते वस्तुतः संस्थेच्या अंतःकरणाचे यथातथ्य भाषांतर होते. मूळ मजकुरात जे शब्द नव्हते पण जो अर्थ होता, तो पकडणे, यालाच भाषांतरकाराची सिद्धी म्हणतात. संस्थेने भालचंद्रपंतांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे ठरवले. त्यांनी शाल घेतली नाही. ते घरी गेले, आणि तेव्हापासून फलकावर काही लिहीत नाहीत. फलक आता इंग्रजीत असतो.

गुरुग्रामहून परीक्षितचे मत एक्क्याऐंशींत होते. त्याने आईला तसे प्रामाणिकपणे सांगितले. "आई, व्हॅल्यू वाढतेय ना घराची, उद्या तुझ्याच कामाला येईल. तू बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस. मी इथून रोज सगळं मागवतो. गरम गरम."

पहिल्या तारखेला फूलमती आली ती पिशवी न आणता.

"अम्माजी, दो टाइम का बना दिया है. दाल में नमक आज कम है, आपका बीपी..."

"आणि तिसऱ्या टाइमाचं?"

"भैया हैं ना," फूलमती म्हणाली. वाकून पाया पडली. जाताना रखवालदाराने तिचे रिकामे हात तपासून तिला सोडले.

तिसऱ्या वेळी परीक्षितने वचन पाळले. त्याने गुरुग्रामहून मुगाची खिचडी मागवली, वर साजूक तूप, शेजारी पापड. खिचडी दहा मिनिटांच्या आत दाराशी आली. निमिषचा माणूस घामाघूम होता. त्याने पिशवी छातीशी धरली होती.

"माताजी, ओटीपी बताइए."

"काय?"

"नंबर, नंबर. चार अंक का."

"नंबर? एक सौ चार."

"वो तो फ्लैट है. चार अंक चाहिए."

नीलाताईंनी विचार केला. "तो आगे एक शून्य लगा लो."

"ऐसे नहीं चलता, माताजी. जिसने मँगाया उसके फ़ोन पे आया होगा. बिना नंबर दिए दूँगा तो मेरा कटेगा."

त्याने परीक्षितला फोन लावला. परीक्षित बैठकीत होता. पुन्हा लावला. तुपाचा वास पिशवीतून येत होता. नीलाताई काठीवर भार देऊन उंबऱ्याच्या आत उभ्या, तो उंबऱ्याच्या बाहेर उभा. दोघांनीही एकमेकांना बसायला सांगितले आणि दोघेही बसले नाहीत. त्याची पुढची खेप खोळंबली होती.

"माफ़ करना, माताजी," तो म्हणाला, आणि खिचडी घेऊन गेला.

'ग्राहकाने स्वीकार केला नाही', अशी नोंद झाली. रक्कम विनाविलंब परत करण्यात आली. दिलगिरीचा एक सुंदर संदेश आणि पुढच्या खरेदीवर सवलत गुरुग्रामला पोहोचली. कोणाचेही काही चुकले नाही, हे आम्ही सर्व बाजूंनी पडताळून पाहिले आहे.

वाचकांस एवढीच विनंती की, त्यांनी हे पान क्षणभर उपडे ठेवावे आणि आपला फोन पाहावा. एखादा चार आकड्यांचा संदेश न वाचता पडला असेल.